दोन दिवस दर्याकांठीं

आमच्या वाशिमकडील घरांतून प्रवासाला निघावयाचें म्हणजे त्याला कांहीं तरी निमित्त असावें लागतें. लग्नमुंज, तीर्थयात्रा, बाळंतपण, कोर्टाची तारीख किंवा कोणाचें दुखणें, यांपैकीं एखादें कारण सांगितलें कीं घरांतील वडील मंडळी लगेच दशम्या बांधून द्यावयास लागतात. पण 'उगीच जाऊन येतों' असें म्हणून नवराबायकोनें दोन दिवस घराबाहेर पडावें, ही गोष्ट आमच्याकडे अजून पचनीं पडलेली नाहीं. गेल्या डिसेंबरांत आम्हीं लंडनहून घरीं कळविलें, कीं समुद्रकांठीं ब्रायटन म्हणून एक शहर आहे, तेथें शनिवार-रविवार जाणार आहों. त्यावर आजींनीं पहिलाच प्रश्न केला, "तिथं देव कोणता?" देव नाहीं म्हटल्यावर, "मग कोणाचं लग्न आहे का?" तेंहि नाहीं म्हटल्यावर त्यांनीं आवाज हलका करून विचारलें, "डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय का रे?"

दुखणें नव्हतें, निदान डॉक्टरांस दाखविण्यासारखें नव्हतें.

हा लेख आम्हीं उभयतांनीं मिळून लिहिला आहे. एकानें सांगावें, दुसऱ्यानें खोडावें, अशा रीतीनें. म्हणून यांतील 'आम्ही' हा संपादकी थाटाचा नसून साधें अनेकवचन आहे, एवढें आरंभींच सांगून ठेवतों. जेथें आमचें एकमत नव्हतें तेथें तसें कबूल केलें आहे.

वाशिमच्या माणसाला समुद्र हा ऐकून माहीत असतो. आमच्या जिल्ह्याची एक मौज अशी, कीं त्याच्या पाठीवर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वांटला जातो. काटेपूर्णा उत्तरेस अकोल्याच्या बाजूला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तें पाणी पश्चिम समुद्रास जातें. अडाण आणि अरुणावती या पैनगंगेला मिळतात, आणि त्यांचें पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असें करीत पूर्व समुद्रास पोंचतें. पाणी असे दोन्ही समुद्र पाहून घेतें; माणसें मात्र जेथल्या तेथें. मुंबई आम्हांपासून पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर. खाऱ्या पाण्याचें पहिलें दर्शन आम्हां दोघांसहि झालें तें लोणारच्या सरोवराशीं, आणि तेंहि शाळेच्या सहलींत. उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत पडलेला तो सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा पाहून एका मुलानें विचारलें होतें, कीं समुद्र असाच असतो का? त्यावर मास्तर, "याहून मोठा," एवढेंच म्हणाले. त्यांनीं तरी तो पाहिला होता कीं नाहीं, देव जाणे.

विलायतेंत याच्या अगदीं उलट स्थिति आहे. ब्रिटनच्या बेटावरील कोणतेंहि गांव घेतलें, तरी समुद्र तेथून सुमारें ११३ किलोमीटरांहून लांब नाहीं. असें असून लंडनांत तीन वर्षें काढल्यावरहि आम्ही एकदांहि समुद्रावर गेलों नव्हतों.

एकत्र कुटुंबांत नवराबायकोला बोलावयास एकांत मिळत नाहीं, ही तक्रार फार जुनी आहे. दोनच माणसांच्या घरांतहि तो मिळेलच असें नाहीं, हा आमचा अनुभव. आमच्यापैकीं एकाची नोकरी दिवसाची, दुसऱ्याची आठवड्यांतून तीन रात्रींची. एकानें कुलपांत किल्ली घालावी तों दुसऱ्यानें बूट चढवावे. संसाराचा बराचसा पत्रव्यवहार फ्रिजच्या दारावर चिकटविलेल्या चिठ्ठ्यांतून चाले: 'वरण आहे, भात लावणें', 'घरमालकास पैसे दिले', 'नानांचा फोन आला होता, काळजी नाहीं'. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत एका प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें होतें, आणि तो चिठ्ठीवर लिहिण्यासारखा नव्हता. नोकरीचा करार आणखी तीन वर्षें वाढवावयाचा, कीं मुदत संपतांच घरीं परतावयाचें? नानांना अलीकडे दिसावयास कमी लागलें आहे. घरीं धाकटे बंधु आणि त्यांची पत्नी सर्व पाहतात व फोनवर कधीं कुरकुरीचा शब्द काढीत नाहींत. आणि तेंच आम्हांस अधिक बोंचतें.

ब्रायटनची गाडी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनांतून सुटते. याच स्टेशनांत १३ मार्च १९१० रोजीं पॅरिसहून आलेल्या सावरकरांना पोलिसांनीं पकडलें होतें. आज तेथें माणसें कॉफीचे पेले हातीं घेऊन धांवत असतात. अंतर सुमारें ८० किलोमीटर, वेळ तासाभराचा. हा लोहमार्ग १८४१ सालीं पुरा झाला, आणि लंडनच्या सामान्य कारकुनाला समुद्र परवडूं लागला तो तेव्हांपासून.

पहिलें दर्शन निराशेचें झालें. किनारा म्हणजे वाळू, अशी आमची समजूत. पण येथें वाळू मुळींच दिसेना. जिकडे पाहावें तिकडे अंड्याएवढे, मुठीएवढे, करड्या-पिंगट रंगाचे गोटे. त्यांवरून चालतांना पाय घसरतात आणि मनांतल्या मनांत शिव्या येतात. मग एक लाट आली आणि परत जातांना तिनें ते सारे गोटे आपल्याबरोबर खालीं ओढले. तो आवाज कसा सांगावा? पत्र्याच्या कोठींत वरून तुरीचें पोतें मोकळें केलें म्हणजे जो आवाज होतो, तोच, पण मैलभर लांबीचा. त्यानंतर आम्ही बराच वेळ तेथेंच उभे होतों.

थंडी कडक होती. अशा थंडींत साठी उलटलेल्या चार-पांच बायका पोहण्याचा पोषाख घालून, गप्पा मारीत, विहिरीवर पाणी शेंदावयास जावें तशा सहज समुद्रांत शिरल्या. येथील पोहणाऱ्यांचा क्लब १८६० सालचा आहे, असें कळलें. आम्ही बांकावर बसून घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. इतक्यांत पाठीमागून एक समुद्रपक्षी आला आणि आमच्यापैकीं एकाच्या हातांतील अखंड दशमी घेऊन गेला. कोंबडीएवढा पक्षी, नजर अगदीं सावकाराची. येथील लोक तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी खातात, त्यांवर तो सोकावलेला असतो. पण वऱ्हाडची दशमीहि त्याला चालली.

समुद्रावर मौजेसाठीं जाणें, ही इंग्रजांचीहि फार जुनी चाल नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रायटन हें कोळ्यांचें गांव होतें. जवळच्या लुइस गांवच्या डॉ. रिचर्ड रसेल यांनीं समुद्राचें पाणी औषधी आहे, त्यांत स्नान करावें आणि तें प्यावेंहि, असा ग्रंथ लिहिला. मग श्रीमंत रोगी येऊं लागले. रोग्यांमागून राजपुत्र आला, राजपुत्रामागून सरदार, आणि रेल्वे झाल्यावर सर्व लंडन. १८७१ सालीं कायद्यानें बँकांना सुट्ट्या मिळाल्या, तेव्हांपासून तर सुट्टीच्या दिवशीं किनाऱ्यावर माणूस मावेना. तेव्हां आजींचा हवापालटाचा प्रश्न अगदींच कालबाह्य नव्हता. या शहराचा सारा पसारा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच उभा राहिला आहे.

आणि नवराबायकोच्या विहाराचें म्हणाल, तर त्यांत आम्हीं कोणाच्या मागें असण्याचें कारण नाहीं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें वत्सगुल्म म्हणजे आमचें वाशिम. राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त विदर्भांतील या नगराला कामदेवाचें क्रीडास्थान म्हटलें आहे, आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा गांधर्व विवाह त्यानें तेथेंच लावला आहे. त्या नगरांतील एका जोडप्याला दोन दिवस निवांत बोलावयास ब्रायटनला यावें लागलें, हें त्या वधूवरांना कळलें तर काय वाटेल?

दुपारीं राजवाडा पाहिला. पुढें चौथा जॉर्ज झालेल्या युवराजासाठीं जॉन नॅश या शिल्पज्ञानें १८१५ ते १८२२ या काळांत त्याला हल्लींचें रूप दिलें. बाहेरून घुमट, मिनार, जाळीच्या कमानी, असा सारा हिंदुस्थानी थाट. आणि नॅशनें हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता! आमच्यापैकीं एकाला तो फार सुंदर वाटला, दुसऱ्याला लग्नाच्या मांडवाची आठवण झाली. या गांवाशीं आपल्याकडील माणसांचा संबंध त्याहि आधींचा. पाटण्याचा शेख दीन महंमद यानें येथें वाफेच्या स्नानाचें आणि अंग रगडण्याचें घर चालविलें, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन्ही राजांची चाकरी केली. आपल्या 'चंपी'चा इंग्रजींत 'शांपू' झाला, त्या शब्दाचा तेथें प्रसार करणाऱ्यांत तो प्रमुख होता. १७९४ सालीं त्यानें आपलें प्रवासवृत्त प्रसिद्ध केलें. हिंदी माणसानें इंग्रजींत लिहिलेलें तें पहिलें पुस्तक.

पण आम्ही रेंगाळलों ते राजवाड्याच्या दुसऱ्याच एका प्रकरणापाशीं. पहिल्या महायुद्धांत, १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या आरंभापर्यंत, हा वाडा म्हणजे फ्रान्सच्या रणभूमीवरून आणलेल्या हिंदी शिपायांचें इस्पितळ होता. ज्या दालनांत राजे नाचले, तेथें सातशेंच्या वर खाटा मांडल्या होत्या. आवारांत जातिधर्मांप्रमाणें नऊ निरनिराळीं स्वयंपाकघरें होतीं. हिंदूंचे आणि मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे. सोवळ्याओंवळ्याची एवढी बूज आमच्या घरीं आजींनंतर कोणी राखलेली नाहीं. ती येथें इंग्रज अंमलदारांनीं राखली होती. अर्थांत् त्यांना शिपाई परत लढावयास हवे होते, हेंहि खरें.

डिसेंबरांत येथें सूर्य चारच्या सुमारास मावळतो, आणि तो नैर्ऋत्येस थेट पाण्यांतच उतरतो. आम्ही किनाऱ्यावर आलों तेव्हां समुद्रांत घुसलेल्या जुन्या धक्क्याचा लोखंडी सांगाडा तेवढा काळा दिसत होता. हा पश्चिम धक्का १८६६ सालचा. १९७५ सालीं तो बंद झाला आणि २००३ सालीं जळाला. जवळच १८९९ सालचा दुसरा धक्का दिव्यांनीं लखलखत होता. त्यावर अकस्मात् मैनेच्या जातीच्या पक्ष्यांचे थवे आले. हजारों पक्षी एकदम वळत, दाटत, फांकत. हिवाळ्यांत आमच्याकडे ज्वारीच्या शेतांवर भोरड्या उतरतात, तेव्हां राखणदार गोफण फिरवितो आणि सारा थवा एका अंगावर वळतो. येथें गोफण नव्हती. ते आपले आपणच वळत होते.

याच किनाऱ्यावर १९०९ सालीं सावरकर येऊन बसले होते. त्या वर्षीं वडील बंधु बाबाराव यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. ऑगस्टांत मदनलाल धिंग्रा फांसावर गेले होते. पत्नी यमुनाबाई दूर हिंदुस्थानांत. लहानगा प्रभाकर ते विलायतेंत असतांनाच गेला. ब्रायटनला त्यांच्याबरोबर बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल होते. तेथें त्यांनीं समुद्राला उद्देशून जें गीत रचलें, तें पुढें हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर महाराष्ट्राच्या घराघरांत गेलें. आमच्या शाळेंत तें दरवर्षीं स्नेहसंमेलनांत होई. कधींहि समुद्र न पाहिलेलीं शेंदीडशें मुलें गळा काढून समुद्राची विनवणी करीत, आणि पुढच्या रांगेंतील पाहुण्यांच्या डोळ्यांना पाणी येई. तें गाणें ज्या पाण्याला सांगितलें तें हें, हें ध्यानांत येऊन आम्ही दोघेंहि गप्प झालों. समुद्रानें त्यांना पुढच्याच वर्षीं मायदेशीं नेलें, पण कैदी म्हणून.

त्यांना परत जावयाचें होतें आणि जातां येत नव्हतें. आम्हांला जातां येतें. नऊ-दहा तासांचें विमान आहे, तिकिटापुरते पैसे बँकेंत आहेत. आम्हांला अडविणारा समुद्र कोणता? हें वाक्य आमच्यापैकीं एकानें मोठ्यानें म्हटलें आणि नंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

वाशिमला तेव्हां रात्रीचे साडेनऊ झाले होते. आम्हीं मोबाइलवरून घरीं समुद्र दाखविला. जेवणें आटोपून मंडळी माजघरांत जमली होती. नानांना चित्र नीट दिसेना, ते म्हणाले, "नुसतं ऐकूं द्या." म्हणून आम्हीं फोन गोट्यांजवळ धरला. आजींनीं विचारलें, "हे पाणी आपल्या समुद्राला मिळतं का?" सगळे समुद्र एकमेकांना मिळालेलेच असतात, असें सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग बाटलीभर आणा. माझ्या सासूबाईंनी रामेश्वराहून वाळू आणली होती, तसं." देव नसलेल्या गांवाची यात्रा त्यांनीं अशी पदरांत पाडून घेतली.

मग आई फोन घेऊन स्वयंपाकघरांत गेल्या. त्यांना कांहीं विचारावयाचें नव्हतें, सांगावयाचें होतें. त्यांच्या बेचाळीस वर्षांच्या संसारांत त्या आणि नाना दोघेंच असे एकदांच घराबाहेर राहिले: नागपूरच्या इस्पितळांत, नानांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं, आठ दिवस. "त्या आठ दिवसांत आम्ही किती बोललो गं! मला वाटायचं, टांके आणखी दोन दिवस राहिले तरी चालतील." आणि लगेच, "तुम्ही बोला आतां. मी ठेवते." फोन बंद झाला.

त्या रात्रीं खाणावळीच्या माडीवरील खोलींत आम्ही बोललों. असें निघालें, कीं आमच्यांतील गृहस्थाचा समज, गृहिणीला येथील काम सोडवत नाहीं, तेव्हां आपण परतण्याची गोष्ट काढूं नये. आणि गृहिणीचा समज, गृहस्थाला घराच्या माडीचें कर्ज फिटेपर्यंत येथून हलावयाचें नाहीं, तेव्हां आपण गप्प बसावें. दोघेंहि एकमेकांसाठीं राहत होतों. कर्जाचे उरलेले हप्ते वाशिमांत राहूनहि फिटण्यासारखे आहेत, हा हिशोब दहा मिनिटांत कागदावर झाला. तीन वर्षांत तो कोणीं मांडला नव्हता.

पण येथें सारें गोड झालें असें लिहिलें तर तें खोटें होईल. गृहिणीची एक परीक्षा बाकी आहे आणि ती अर्धी टाकून येण्यास तिची तयारी नव्हती. शिवाय तिनें स्पष्टच सांगितलें, कीं घरीं गेल्यावर पहांटेचा चहा कोणीं करावयाचा, हा प्रश्नच उरणार नाहीं. तो तिनेंच करावयाचा, हें न बोलतां ठरलेलें असेल, आणि तिला त्याची भीति वाटते. गृहस्थ म्हणाला, "तो मी करीन." गृहिणी म्हणाली, "पाहूं." हें आतां मासिकांत छापून येत आहे आणि घरीं सर्वजण वाचणार आहेत, तेव्हां गृहस्थाला शब्द मागें घेतां येणार नाहीं.

रविवारीं सकाळीं शहराच्या उत्तरेस पॅचम गांवाजवळच्या टेंकड्यांवर गेलों. उघड्या माळावर, मेंढ्यांच्या कुरणांत, एक पांढरी संगमरवरी छत्री आहे. येथील इस्पितळांत जे हिंदु व शीख शिपाई वारले, त्यांपैकीं ५३ जणांचें दहन या जागीं झालें. १ फेब्रुवारी १९२१ रोजीं छत्रीचें उद्घाटन झालें. त्यांचीं नांवें दगडावर कोरलीं जावयास मात्र २०१० साल उजाडावें लागलें. तीं आम्हीं एकेक करून वाचलीं. वाऱ्यानें कान बधिर झाले होते. येथून समुद्र दिसतो, आणि त्यांची रक्षा त्या समुद्रांतच सोडली होती.

खालीं येऊन आम्हीं पाण्याची एक रिकामी बाटली विसळून भरली. तेवढ्यासाठीं गुडघ्यापर्यंत शिरावें लागलें, आणि संध्याकाळच्या गाडींत व्हिक्टोरिया येईपर्यंत पाय गरम झाले नाहींत. गाडी जवळजवळ रिकामी होती. आमच्यापैकीं एकाला त्या रात्रीं कामावर जावयाचें होतें, दुसऱ्याला सकाळीं. क्रॉयडनच्या पुढें दोघेंहि झोंपलों.

करार तीन वर्षांऐवजीं एकच वर्ष वाढवावा, असें आम्हीं कळविलें, आणि तें मान्य झालें. नानांना हें सांगितलें तेव्हां ते, "परीक्षा नीट होऊं द्या," एवढेंच म्हणाले. पण त्यांनीं माडीच्या खिडक्यांना रंग लावावयास माणूस सांगितला आहे, असें वहिनींकडून समजलें. बाटली आमच्या स्वयंपाकघरांतील खिडकींत ठेवली आहे. झांकणाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ धरली आहे. आम्हीं ती टपालानें पाठविण्याचें विचारलें होतें. पण टपालानें नको, हातानें आणा, असा आजींचा निरोप आहे.